पडून असलेलं नाव

आमच्या गल्लीत स्कूटी चालवणारी बाई मी एकटीच. त्यामुळे आष्ट्यात कुणाचंही काम कुठल्याही कचेरीत अडलं की पहिली हाक मला येते. नवरा सैन्यात, सध्या राजस्थानात. मुलगा कोल्हापुरात शिकतो. म्हणजे संयोगितावैनी रिकामीच असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. मीही कुरकुर करते आणि हेल्मेट घेऊन निघते. पण अपेक्षाच्या कामासाठी जेवढा संताप गिळला, तेवढा मी स्वतःच्या घराच्या नोंदीसाठीसुद्धा गिळला नव्हता.

अपेक्षा ढोले माझ्या मागच्या घरात राहते. माण तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरची पोर, लग्न होऊन इकडे आली. नवरा कृष्णात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर असतो. हंगामात तो घरात दिसत नाही आणि हंगाम संपला की घरातून हलत नाही. ही दिवसभर लोकांच्या उसात तण काढायला, भांगलायला जायची आणि संध्याकाळी सासूची बोलणी खात पुस्तकं उघडायची. अशी करत करत बाहेरून बारावी झाली. मग गावाजवळच्या एका खाजगी डेअरीत दूध तपासायच्या विभागात बाईमाणूस हवंय असं कळलं. हिने अर्ज केला, मुलाखत दिली आणि हिला घेतलंही. सावलीतलं काम, अंगावर पांढरा कोट, महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या खात्यात पगार. आयुष्यातली पहिली नोकरी. बाईने इस्त्रीची साडी नेसून मला पेढा आणून दिला तेव्हा मी म्हटलं, आधी कामावर रुजू तर हो. ते वाक्य मला आता आठवलं तरी माझाच राग येतो.

रुजू होण्याच्या दिवशी अर्थातच मीच तिला सोडायला गेले. डेअरीत वीरधवल नावाचा कारकून पोरगा होता, बोलायला गोड. त्याने तिच्या आधारचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, जरा वेळ स्क्रीनकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"म्याडम, तुमी तर शिरवळला कामाला आहात."

"कोन? मी?"

"भविष्य निर्वाह निधीत तुमचं खातं आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. मागच्या महिन्याचाही भरणा झालाय." त्याने वाकून नाव वाचलं. "बनाबाई आप्पासो गोरड. तुमीच ना?"

अपेक्षाचा चेहरा पडला. लग्नाला बारा वर्षं झाली, तेव्हापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. मला तर ते ठाऊकच नव्हतं.

"व्हय, मीच," ती म्हणाली. "पन मी शिरवळ बघितलं सुदिक न्हाई!"

वीरधवल म्हणाला, एका माणसाला एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी दाखवता येत नाही. शिरवळची नोकरी सोडल्याची तारीख लागली की लगेच रुजू करून घेतो. महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढे साहेब थांबणार नाहीत. थोडक्यात, बाईने आधी न केलेल्या नोकरीचा राजीनामा द्यायचा आणि मग खऱ्या नोकरीला लागायचं. मी त्याच्याशी बरंच भांडले. तो प्रत्येक वाक्याला "बरोबर आहे म्याडम" म्हणत राहिला आणि स्क्रीनवर काही बदललं नाही.

येताना तिने मला सगळं सांगितलं. जन्मल्यावर तिचं नाव आजीवरून बनाबाई ठेवलं होतं. शाळेत बाकीच्या पोरींची नावं दीपमालासारखी, आणि ही बनाबाई. मास्तर हजेरी घ्यायला लागले की मागच्या बाकावरून हसू यायचं. म्हणून लग्न ठरल्यावर तिने कृष्णातला फोन करून सांगितलं, माझं नाव बदलायचं आणि अपेक्षा ठेवायचं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने तेच नाव लिहिलं गेलं. ही एकच गोष्ट नवऱ्याने तिचं ऐकून केली, असं ती म्हणते. पुढे नव्या नावाचं आधार कार्ड आष्ट्यात करून घेतलं. जुनं बनाबाईचं कार्ड राहिलं माहेरी, वडलांच्या, आप्पासोंच्या लोखंडी पेटीत. माहेरचं नाव माहेरी, सासरचं सासरी, अशी सरळ वाटणी. नाव बदललं तरी नंबर तोच राहतो आणि जुन्या कार्डावर सगळा कारभार चालू शकतो, हे आमच्याकडे लेकी देणाऱ्यांना आणि सुना आणणाऱ्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. आधी एका कार्यालयात, तिथून दुसऱ्या कार्यालयात, तिथून पोलिसांत. पोलिसांत रांग होती. मला वाटत होतं की हे विचित्र प्रकरण जगात आमच्याच वाट्याला आलंय. पुढे एक शालूबाई नावाची म्हातारी बसली होती. फुकट साडी मिळते म्हणून तिने कुठल्याशा शिबिरात अंगठा दिला होता. आता तिच्या नावावर लांबच्या कुठल्या शहरात चार फोन चालू होते आणि त्यातल्या एकावरून लोकांना धमक्या जात होत्या. तिच्या शेजारी नाथाजी म्हणून सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना कराची नोटीस आली होती, ते एका कापड कंपनीचे मालक असल्याबद्दल. "मी सीमेवर हुतो हो त्या वर्षी," एवढंच ते सारखं सांगत होते, रांगेतल्या सगळ्यांना, आळीपाळीने.

आमची पाळी आली. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "किती पैसे गेले?"

"पैसे न्हाई गेले," अपेक्षा म्हणाली.

"मग काय गेलं?"

"नाव गेलं, साहेब."

त्याने कार्डावर बघितलं. "नाव आहे की तुमच्याकडे. अपेक्षा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मध्ये पडले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, आवाज थोडा चढवून. तेव्हा कुठे तो सरळ बसला. म्हणाला, दोनच रस्ते आहेत. एक तर लेखी तक्रार द्या. शिरवळला जी कोणी बाई बनाबाई म्हणून काम करते तिच्यावर, ठेकेदारावर आणि ज्याने कार्ड दिलं त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. नाही तर त्या बाईला शोधा आणि राजीनामा द्यायला लावा, आठवड्यात नाव मोकळं होईल. आम्ही विचार करून सांगतो म्हणालो आणि उठलो. अपेक्षा पायऱ्यांवरच म्हणाली, "वैनी, आधी शिरवळला जाऊ. कोन बया हाय ती मला डोळ्यानं बघायची हाय. दोन कानाखाली वाढते आन मग तक्रार देते."

शिरवळला स्कूटी नेता येत नाही, एवढंच समाधान. पहाटेची एसटी धरली, पेठनाक्याला गाडी बदलली. वाटेत साताऱ्यापर्यंत ती त्या बाईला काय काय म्हणायचं याची उजळणी करत होती. खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत शिव्या संपल्या.

कंपनीच्या गेटवर पहारेकऱ्याने विचारलं, कुणाला भेटायचंय?

"बनाबाई गोरडला," मी म्हटलं.

"बनाक्का व्हय? सुट्टी होईल आता पाळीची. बसा सावलीला. तुमी कोन तिच्या?"

अपेक्षा म्हणाली, "मीच ती."

पहारेकरी मोकळेपणाने हसला. त्याला वाटलं, पावणीने गंमत केली. त्याने पाण्याची बाटलीसुद्धा पुढे केली. बनाक्काच्या माणसांचा तिथे मान होता.

भोंगा झाला. बायकांचा घोळका बाहेर आला आणि सगळ्यांच्या मागून एक बाई सावकाश, कंबरेला हात लावून चालत आली. पोट चांगलंच पुढे आलेलं. तिची पिशवी दुसऱ्याच बाईच्या हातात होती. पहारेकऱ्याने हाक मारली, "बनाक्का, पावनं आल्यात!" तिने वर बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

"आक्का..."

"सोने? तू?"

ती सोनिया होती, अपेक्षाची चुलत बहीण. हिच्या चुलत्याची, कोंडीबाची, थोरली पोर. कोंडीबा मुंबईला हमालीला गेला आणि तिकडचाच होऊन बसला. मागे बायको, सोनिया आणि तिची दोन लहान भावंडं. अपेक्षाच्या लग्नात ही परकर-पोलक्यात करवली म्हणून मिरवत होती.

अपेक्षाने खरोखर हात उचलला होता, मी पाहिलं. पण पोटाकडे बघून तो तसाच खाली आणला आणि त्याच हाताने तिला चहाच्या टपरीच्या बाकावर बसवलं. मग राग काढायला माणूस हवं म्हणून तिने तिथूनच वडलांना फोन लावला. आप्पासोंना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन मोठ्या आवाजावर होता आणि अर्ध्या शिरवळने ते बोलणं ऐकलं असणार.

"आप्पा, माझं जुनं कार्ड कुनाला दिलं तुमी?"

"कंचं कार्ड?"

"बनाबाईचं!"

"त्ये व्हय. सोनीला दिलं की. त्यो ठेकेदार म्हनला, अठरा वरसं भरल्याली पोरगी पायजे. हिचं वय बसंना. तुझं नाव पेटीत पडूनच हुतं, म्हनलं पोरीच्या उपेगाला यील."

"आप्पा, नाव काय जुनं लुगडं हाय व्हय वापराया द्यायला? नंबर माझा हाय त्यो!"

"तुला लोकांनी दुसरं नाव दिलंय की चांगलं. एका मानसाला दोन-दोन नावं कशाला लागत्यात?" म्हातारा मनापासून विचारत होता. "आन तू तर नकू म्हनत हुतीस त्ये नाव. रडत हुतीस शाळंतनं येऊन."

अपेक्षाने फोन बंद केला. ह्याला चोर म्हणायचं तरी कसं? त्याने पेटीतली निकामी वस्तू भावाच्या उघड्या पडलेल्या पोरीला दिली होती. त्याच्या लेखी ते पुण्य होतं, आणि अजूनही आहे. चोर होता तो ठेकेदार. कार्डावरच्या फोटोच्या काळ्या ठिपक्यात चेहरा कुणाचा हे न बघता त्याने अशा किती पोरी भरल्या असतील देव जाणे. आणि तो दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे कुठे तरी काम घेऊन निघून गेला होता. म्हणजे ज्याला दोन कानाखाली द्याव्यात तो हाताशीच नव्हता.

सोनिया खाली मान घालून बसली होती. "आक्का, मला वाटलं हुतं वरीसभर करावं आन सोडावं. मग कंपनीनं कायम केलं. मग बिरदेव भेटला, लगीन झालं. समदी बनाबाईच म्हनाय लागली. त्योबी बनाच म्हनतो. माझं नाव सोनिया हाय हे आता मलाच आठवावं लागतंय."

"मला डेअरीत नोकरी लागली हाय सोने. तुझ्यापायी अडलीया. म्हैनाअखेरीला जानार ती."

"देते की राजीनामा. आत्ता लिवून देते."

तिने टपरीवाल्याकडून वहीचा कागद मागून घेतला आणि लिहायला लागली. अक्षर चांगलं होतं. खाली सही केली, बनाबाई आ. गोरड, एका दमात, न अडखळता. अपेक्षा त्या सहीकडे बघत राहिली. मला म्हणाली, "वैनी, मला हे नाव कवाच असं सरळ लिवाय आलं न्हाई."

कागद घडी घालून सोनियाने तिच्या हातात दिला. "तूच दे आत जाऊन. तुझंच नाव हाय, कार्डबी हाय तुझ्याकडं. माझ्याच्यानं न्हाई हुनार."

"कितवा हाय?" अपेक्षाने विचारलं.

"आठवा सरत आला. डाक्टर म्हनत्यात, प्वार आडवं हाय. कापून काढावं लागंल."

"दवाखाना?"

सोनियाने पोटावरून पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "विम्याचा. कामगारांचा. नाव लावलंय तिथं." पुढच्या महिन्यापासून सहा महिने पगारी रजा होती. ऑपरेशन, औषधं, सगळं विम्यातून. राजीनामा दिला की त्यातलं काही नाही, कारण सहा वर्षं बनाबाईने काम केलं होतं आणि सोनिया नावाची बाई तिथे एक दिवसही आली नव्हती. खाजगीत ऑपरेशन करायची बिरदेवची ऐपत नव्हती, हे तिने सांगितलं नाही. तिच्या चपलांकडे बघून आम्हांला कळलं.

अपेक्षा उठली. कागद मुठीत धरून गेटपर्यंत गेली. समोर, काचेच्या दाराआड, कंपनीचं ऑफिस दिसत होतं, आत माणूसही बसला होता. मी इकडे बाकावर बसून मनात म्हणत होते, दे बाई, देऊन टाक, तुझं काय चुकलं यात? आणि दुसऱ्याच क्षणी, देऊ नकोस गं, म्हणत होते. माझा मलाच इतका वैताग आला की सांगता येत नाही.

पहारेकऱ्याने तिला विचारलं, "झाली का भेट?"

"झाली," ती म्हणाली आणि परत फिरली. "चला वैनी, गाडी चुकंल."

एसटीत बसल्यावर मी विचारलं, कागदाचं काय? म्हणाली, "टपालानं धाडीन घरी जाऊन. तिच्या तोंडावर देववंना." साताऱ्यापर्यंत ती सोनियावर चिडत होती, कराडपर्यंत वडलांवर, आणि पुढे माझ्यावर, की मी तिला ढकलून आत का पाठवलं नाही म्हणून. मीही चिडले. म्हटलं, माझं नाव तरी संयोगिता आहे का हे आता तपासून घ्यायला हवं, इतकी मी तुझ्या नावाच्या मागे फिरलेय. 

पुढचे दिवस मी तिला मुद्दाम काही विचारलं नाही. ती भांगलायला जात होती, येत होती. एकदा ती पोस्टाच्या दारात दिसली, म्हणून मी समजले की कागद गेला. मनातल्या मनात सोनियाचं कसं होणार म्हणून हळहळलेही आणि हलकंही वाटलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तीच इस्त्रीची साडी नेसून ती माझ्या दारात उभी राहिली. मी स्कूटी काढली. वीरधवलने आम्हांला बघून खुर्च्या दिल्या, नंबर टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"म्याडम, अजून शिरवळच दिसतंय. तारीख लागलेली नाही. राजीनामा दिला का तुमी?"

"न्हाई," अपेक्षा म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले.

"का म्याडम? मी एवढे दिवस जागा धरून ठेवली. साहेब रोज विचारतात मला."

अपेक्षाने पदर खांद्यावर नीट घेतला आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आत्ता देता येत न्हाई. बाळंतपनाच्या रजंवर हाय मी."

वीरधवलने तिच्या सपाट पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या दुधाच्या जाहिरातीकडे बघायला लागले.

"रजा कधी संपते?" त्याने शेवटी विचारलं.

"सा म्हैन्यानं."

"तवर जागा राहायची नाही, म्याडम."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर ती स्कूटीजवळ गेली आणि तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्या दुधाच्या गाड्यांसमोर, ढसाढसा रडली. मी तिला रडू दिलं. मलाही रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता, आणि तो कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. जरा वेळाने तिने तोंड पुसलं, पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला, बघितला आणि परत आत ठेवला.

"काय गंमत बघा वैनी," ती म्हणाली. "नोकरी बनाबाईला. विमा बनाबाईला. पगारी रजा बनाबाईला. आन ज्या बयेनं येवढं शिकून, ताटात तांदूळ पसरून, हौसंनं अपेक्षा नाव लावून घेतलं, तिला भांगलन."

मग मागे बसली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, चला, उद्या सकाळी सुलाबाईच्या उसात जायचंय.